हॅरीची पत्रं, बेसचं घर : मिझुरीतली एक भटकंती

गुरुवार : सेंट लुइस ते इंडिपेंडन्स

हॅरी ट्रूमन म्हटलं की आपल्याला हिरोशिमा आठवतं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी हा माणूस बँकेत क्लार्क होता, हे मला निवृत्तीनंतर कळलं. १९०३ साली कॅन्सस सिटीच्या नॅशनल बँक ऑफ कॉमर्समध्ये महिना ३५ डॉलरवर तो लागला. काम होतं बाहेरगावच्या बँकांवरच्या चेकांचं. साताऱ्याच्या शाखेत मी नोकरीची पहिली वर्षं याच टेबलावर काढली. आउटस्टेशन क्लिअरिंग! त्यामुळे या माणसाबद्दल वाचताना आपल्याच खात्यातलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, आणि वाचत वाचत मी त्याच्या पत्रांपर्यंत पोचले.

पत्रं बेस वॉलेसला लिहिलेली. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला गेला तेव्हा तिच्याशी लग्न ठरलेलं होतं, परत आल्यावर झालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या परिषदेहून, त्यानं बायको म्हणून तिला लिहिलं. अशी एकूण १,३०० हून अधिक पत्रं जपली गेली आहेत. ट्रूमन ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट वाचता येतात. गेल्या हिवाळ्यात लेकीकडे सेंट लुइसला होते, बाहेर बर्फ, तेव्हा रोज रात्री वाचत बसायचे. जून उजाडल्यावर ह्यांना म्हटलं, ती ज्या घरात ही पत्रं उघडायची ते घर बघायचं आहे. हे लगेच तयार झाले.

सेंट लुइसहून कॅन्सस सिटीला जाणारी ‘मिझुरी रिव्हर रनर’ ही गाडी इंडिपेंडन्सला थांबते. बराच वेळ रूळ मिझुरी नदीच्या काठाकाठानं जातात. खिडकी उजव्या हाताची धरा, नदी तिकडे दिसते. जूनच्या शेवटी पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आणि पलीकडे नजर पोचेल तिथपर्यंत गुडघाभर मका. हर्मान नावाचं जर्मन लोकांनी वसवलेलं गाव लागलं, चर्चचे सुळके आणि उतारावरचे द्राक्षमळे. ह्यांना तासगाव आठवलं.

इंडिपेंडन्सचं स्टेशन छोटं आहे. तिकीट खिडकी नाही, बाहेर टॅक्सी उभी नसते. उतरण्याच्या पंधरा मिनिटं आधीच फोनवरून गाडी बोलावून ठेवा, नाहीतर सामान घेऊन उन्हात चालावं लागेल. आम्ही मात्र उतरल्यावर जरा रेंगाळलो. जानेवारी १९५३ मध्ये अध्यक्षपद संपवून नवराबायको आगगाडीनं याच स्टेशनात उतरले होते आणि हजारो माणसं थंडीत त्यांची वाट पाहत होती. तेव्हा माजी अध्यक्षांना पेन्शनही नव्हती. उतरले ते सरळ तिच्या माहेरच्या घरी राहायला गेले.

संध्याकाळी चौकातल्या कोर्टाभोवती चक्कर मारली. तिथेच कोपऱ्यावर क्लिंटन्स नावाचं सोडा फाउंटन आहे. शाळकरी वयात हॅरीनं पहिली नोकरी त्या जागेवरच्या औषधाच्या दुकानात केली, बाटल्या पुसण्याची. चॉकलेट आइसक्रीमवर बटरस्कॉच हा त्याचा आवडता प्रकार म्हणून देतात. फार गोड आहे, दोघांत एक पुरे.

शुक्रवार : ग्रंथालय आणि वादळ

ट्रूमन ग्रंथालय गावातच एका टेकाडावर आहे. आत शिरल्यावर थॉमस हार्ट बेंटननं रंगवलेलं भलंमोठं भित्तिचित्र समोर येतं, पश्चिमेकडे निघालेले गोरे वसाहतवाले आणि समोर उभे असलेले मूळ रहिवासी. त्याच्याकडे बघत बरेच लोक थांबतात. आम्ही पुढे निघालो, कारण मला युद्धाचं दालन गाठायचं होतं.

बरोबर मी पत्रांच्या छापलेल्या प्रतींची फाइल घेतली होती. दालनातला एक वयस्कर स्वयंसेवक, पांढऱ्या मिशांचा, ती फाइल बघून जवळ आला. भारतातून आलेली बाई १९१८ची पत्रं तारखेवार लावून फिरते आहे याचं त्याला फार अप्रूप वाटलं. मग तो आमच्याबरोबरच राहिला, आणि त्याच्या तोंडून जे ऐकलं ते कुठल्याच पाटीवर नव्हतं.

युद्धावर जायची हॅरीला सक्ती नव्हती. १९१७ मध्ये तो ३३ वर्षांचा, म्हणजे सक्तीच्या भरतीच्या वयाबाहेर. वर डोळे अधू, घरी शेती, आई आणि बहीण त्याच्यावर अवलंबून. तरी गेला. बेस म्हणाली, जाण्याआधी लग्न करू. यानं नकार दिला. हातपाय गमावून परत आलो तर तिच्या गळ्यात ते ओझं नको, हा विचार. ज्या मुलीच्या होकारासाठी काही वर्षं झुरला तिनं स्वतःहून विचारल्यावर नाही म्हणणं! ह्यांना ते पटलं नाही. ‘तिला ठरवू द्यायचं होतं,’ म्हणाले. मलाही तसंच वाटतं, पण त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं.

ओक्लाहोमातल्या कॅम्प डॉनिफनमध्ये त्याच्याकडे रेजिमेंटचं कॅन्टीन आलं. एडी जेकबसन नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यानं ते चालवलं. प्रत्येक शिपायाकडून दोन डॉलर भांडवल घेतलं, रोजचा हिशेब काटेकोर ठेवला, आणि इतर रेजिमेंटांची कॅन्टीनं तोट्यात चाललेली असताना यानं सगळ्यांचे पैसे नफ्यासकट परत केले. बँकेतली सवय! त्या दिवसांतल्या पत्रांत धुळीचं वादळ आणि गल्ल्याचा हिशेब एकाच परिच्छेदात येतात. मला ती पत्रं फार आवडतात. रोख जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, हे ज्यानं अनुभवलंय त्याला त्या ओळींतला दम कळेल.

१९१८च्या मार्चअखेरीस जहाज न्यूयॉर्कहून निघालं, एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराला लागलं. जुलैत त्याला कॅप्टन म्हणून बॅटरी डी ही तोफखान्याची तुकडी मिळाली. चार फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफा आणि १९० च्या वर माणसं, बहुतेक कॅन्सस सिटीतली आयरिश कॅथलिक पोरं. आधीच्या अधिकाऱ्यांना दमवून सोडलेली म्हणून प्रसिद्ध. ही बातमी कळवणारं पत्र मी तिथेच उभी राहून पुन्हा वाचलं. बॅटरीचा प्रमुख व्हायची एकच इच्छा होती, ती पुरी झाली, आता हे नीट निभावलं तर मान वर करून जगेन, असा त्याचा आशय. चष्म्यामुळे लहानपणी मैदानावर खेळायला न मिळालेला मुलगा हे लिहितोय, हे लक्षात ठेवून ते वाचायला हवं.

ऑगस्टच्या शेवटी व्होजच्या डोंगरात पहिली लढाई. यांनी विषारी वायूचे गोळे डागले, जर्मनांनी उत्तर दिलं, आणि एका सार्जंटनं ‘पळा’ म्हणून ओरडताच पोरं पळाली. हॅरीचा घोडा खड्ड्यात पडला, तो खाली सापडला. कसाबसा बाहेर निघाला आणि रेल्वेच्या मजुरांकडून शिकलेल्या सगळ्या शिव्या त्यानं अशा काही मोजून दिल्या की पोरं ऐकूनच परत फिरली. स्वयंसेवकानं हे सांगताना आवाज एवढा चढवला की दालनातले चारजण वळून बघू लागले.

त्यानंतरचं १ सप्टेंबरचं पत्र हे या सगळ्या पत्रांत मला सर्वांत मोलाचं वाटतं. त्यात तो आकडा देतो, ५०० गोळे डागले. आमच्यावरही आले, पळालो नाही, माणूस गमावला नाही, हेही सांगतो. आणि मग लिहितो की हे तुला सांगायला नको होतं बहुधा, पण मी लढाईत असेन अशी शंका घेऊन तू जेवढी काळजी करशील, त्याहून जास्त काळजी मी खरंच आहे हे कळल्यावर करणार नाहीस. हे एवढं सरळ कितीजणांनी लिहिलं असेल? सेन्सॉर होता म्हणून गावांची नावं पत्रांत नाहीत. कॅप्टन झाल्यावर तर आपल्या माणसांची पत्रं तपासायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना लिहिलेलं वाचायचं आणि रात्री आपलं लिहायचं.

दालनाच्या पुढच्या भागात वेळ काढून जा, मन घट्ट करून जा. तिथे सादाको ससाकीनं घडी घातलेला कागदी क्रौंच ठेवला आहे. हिरोशिमाच्या किरणोत्सर्गानं आजारी पडून ती मुलगी १९५५ मध्ये, बाराव्या वर्षी गेली. तिच्या भावानं तो क्रौंच २०१५ मध्ये या ग्रंथालयाला दिला, ट्रूमनच्या नातवाच्या साक्षीनं. नखाएवढा कागद आहे. पोट्सडॅमहून १८ जुलै १९४५ ला बायकोला लिहिलेलं पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. स्टालिन जपानविरुद्ध उतरणार म्हणून युद्ध आता वर्षभर आधी संपेल, आणि जी पोरं मरणार नाहीत त्यांचा विचार कर, असं त्यात आहे. पोरं म्हणजे बॅटरी डीसारखी पोरं, त्याच्या डोळ्यांपुढे तीच असणार. तीन आठवड्यांच्या आत हिरोशिमा झालं. क्रौंचासमोर उभं राहून मला ते पत्र पूर्वीसारखं वाचता आलं नाही. माणूस आपल्या लोकांवर किती माया करतो, यावरून तो परक्यांना किती जपेल हे ठरत नाही, हे मी त्या काचेपुढे फार स्पष्टपणे पाहिलं.

मागच्या अंगणात दोघांच्या समाध्या शेजारीशेजारी आहेत. अंगणाकडे उघडणाऱ्या खोलीत तो निवृत्तीनंतर रोज येऊन बसायचा.

संध्याकाळी सातच्या सुमारास आकाश हिरवट काळं झालं. हॉटेलवर जेवायला बसणार तोच बाहेरचे भोंगे वाजायला लागले. वादळाचा इशारा. इथल्यांना सवय आहे. व्यवस्थापिकेनं सगळ्यांना तळमजल्यावरच्या खिडक्या नसलेल्या बोळात बसवलं, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. मिझुरीत मे-जूनमध्ये येणार असाल तर हॉटेलात शिरल्यावर आधी आसऱ्याची जागा कुठे ते विचारून ठेवा, आणि फोनवर हवामानाचे इशारे चालू ठेवा.

बोळात आमच्या शेजारी आयोवाहून आलेलं एक जोडपं होतं, पंचाहत्तरीच्या पुढचं. गप्पा पत्रांवर आल्याच. ते गृहस्थ व्हिएतनामला होते. बाई म्हणाल्या, ‘मला आठवड्याला एक पत्र यायचं. सगळ्यांत पाऊस आणि चिखल.’ नवरा कुठे होता, काय बघत होता, हे त्यांना चाळीस वर्षांनी कळलं, तेही तो त्याच्या मित्राशी बोलत असताना. मी त्यांना १ सप्टेंबरचं पत्र काढून दिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं, नवऱ्याकडे दिलं. त्यांनी वाचलं, बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि म्हणाले, ‘हा माझ्यापेक्षा धीट होता.’ बाईंनी लगेच मान हलवली. ‘तू तेव्हा वीस वर्षांचा होतास. हा चौतीस.’ तासाभरानं भोंगे थांबले. वादळ उत्तरेकडून निघून गेलं होतं. त्या दोघांनी आपल्याबरोबरचा मक्याचा पाव आम्हाला दिला, आम्ही त्यांना मेथीचे ठेपले. बाईंना ठेपल्याची कृती लिहून हवी होती, ती ह्यांनी लिहून दिली.

शनिवार : नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट

घर २१९, नॉर्थ डेलावेअर स्ट्रीट. बेसच्या आजोबांनी बांधलेलं, पांढरं, लाकडी नक्षीचं, दुमजली. राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आहे. आत रेंजरबरोबर थोड्याच लोकांना सोडतात आणि तिकिटं जुन्या फायर स्टेशनातल्या अभ्यागत केंद्रावर मिळतात. पैसे पडत नाहीत, पण लवकर संपतात, म्हणून सकाळी उघडतानाच जा. फेऱ्या कधी चालू आहेत ते निघण्याआधी संकेतस्थळावर पाहा. आत फोटो काढू देत नाहीत.

जिन्याखाली त्याचा कोट आणि टोपी अजून खुंटीला आहे. स्वयंपाकघर बघून आम्ही थक्क झालो. झिजलेलं लिनोलियम, साधं टेबल, दोन माणसांपुरती जागा. देशाच्या माजी अध्यक्षांची बायको इथे चहा पीत बसायची. वरचा मजला दाखवत नाहीत, ती बेसची इच्छा. बाई अतिशय खाजगी स्वभावाची. १९०३ मध्ये तिच्या वडिलांनी आत्महत्या केली, त्यावर ती आयुष्यात जाहीरपणे कधी बोलली नाही. तिची आई वर्षानुवर्षं याच घरात, आणि जावई शेतकरी असल्याचं शल्य त्या बाईंनी कधी पुरतं सोडलं नाही म्हणतात. जावई राष्ट्राध्यक्ष झाला तरीही!

बैठकीत शेकोटीची जागा आहे. तिच्यापुढे मी थांबले. बेसनं आपली पत्रं जाळून टाकली. हॅरीनं एकदा तिला जाळताना पाहिलं, इतिहासाचा विचार कर म्हणाला. तोच करतेय, असं तिचं उत्तर होतं, असं घरच्यांनी सांगितलं आहे. त्याची पत्रं मात्र तिनं ठेवली, आणि १९८२ मध्ये, ९७ वर्षांची होऊन ती गेल्यावर ती या घरात सापडली. तिची जी १८०च्या आसपास उरली, ती लग्नानंतरच्या काळातली. म्हणजे युद्धाचं खातं आपल्यापुढे आहे त्यात एकच बाजू भरलेली आहे, नावे बाजू कोरी. ती कशी जुळवायची? त्याच्या उत्तरांवरूनच. तो लिहितो की तुझी पत्रं एकदम गठ्ठ्यानं आली, म्हणजे ती नेमानं लिहीत होती. १९१९च्या जानेवारीत तो तिच्या तापाची काळजी करतो, म्हणजे फ्लूच्या साथीत ती आजारी पडली आणि बरी झाल्यावर तिनं ते त्याला कळवलं. त्यानं तिला खरं सांगितलं तसं तिनंही सांगितलं. आजारपण लपवून ‘आम्ही सर्व खुशाल’ लिहायची रीत तिनं पाळली नाही.

मी रेंजरला विचारलं की तिनं जाळलं याचा तुम्हाला राग येतो का. तरुण मुलगी होती, पंचविशीची. ती म्हणाली, ‘लोक नेहमी विचारतात. मला वाटतं ती पत्रं तिची होती.’ मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. संशोधकांना हळहळ वाटणं समजू शकतं, पण एका बाईनं आपल्या नवऱ्याला लिहिलेलं जगानं वाचू नये हा तिचा हक्क आहे, आणि या घरात उभं राहिल्यावर तो हक्क मला कुठल्याही ग्रंथालयापेक्षा मोठा वाटला.

एक पत्र मात्र त्यानंच पाठवलं नाही. डिसेंबर १९४५, नाताळला घरी आला, दोघांचं बिनसलं, वॉशिंग्टनला परतून रागानं चांगलं खरमरीत लिहिलं आणि पोस्टात न टाकता ठेवून दिलं. त्याच्या मृत्यूनंतर टेबलाच्या खणात सापडलं. राग कागदावर उतरवून खणात ठेवायचा, हा संसारातला शहाणपणा आमच्या ह्यांना फार आवडला.

समोरच नोलँड कुटुंबाचं घर आहे, हॅरीच्या आत्याचं. १९१० मध्ये तो तिथे आला असताना बेसच्या आईची केकची थाळी परत द्यायची होती. ‘मी देऊन येतो,’ म्हणून रस्ता ओलांडून गेला, दार बेसनं उघडलं. पाचव्या-सहाव्या वर्षापासून ओळखत होता तिला, रविवारच्या शाळेपासून, पण प्रेमाची गोष्ट सुरू झाली ती या थाळीनं. दोन घरांमधलं अंतर आम्ही चालून पाहिलं. रस्ता अगदी अरुंद.

दुपारी ट्रिनिटी एपिस्कोपल चर्च पाहिलं. २८ जून १९१९ ला इथे लग्न लागलं. हवा तेव्हाही अशीच दमट असणार, कारण चर्चमधली फुलं त्या दिवशी मान टाकत होती म्हणतात. त्याआधी फेब्रुवारीत फ्रान्सहून त्यानं लिहिलं होतं, मी आल्यावर जमेल तितक्या लवकर माझ्याबरोबर बोहल्यावर चालायची तयारी ठेव. खिशात पैसे नाहीत हेही त्याच सुमारास कबूल केलं. युद्धभर डाव्या खिशात तिचा फोटो होता, मागे तिनं लिहिलेलं, हा फोटो तुला फ्रान्सहून सुखरूप घरी आणो. तिच्या हातचं त्या काळातलं लिखाण आपल्याला वाचायला मिळतं ते एवढंच, फोटोमागच्या दोन ओळींचं. आणि ते वाचलं कारण ते त्याच्या खिशात होतं.

रविवार : ग्रँडव्ह्यू आणि कॅन्सस सिटी

भाची ओव्हरलँड पार्कला राहते. सकाळी गाडी घेऊन न्यायला आली. ‘मावशी, तुला म्हणून तीस मैल वाकडं जातेय हं,’ म्हणाली आणि ग्रँडव्ह्यूच्या शेताकडे वळवली. बँक सोडून १९०६ मध्ये हॅरी इथे शेतीला आला तो युद्धापर्यंत इथेच. तेव्हा ६०० एकर होतं. आता घराभोवती थोडीशी हिरवळ उरली आहे आणि बाकीच्या जमिनीवर दुकानं. शेजारच्या मॉलचं नावही ट्रूमनवरूनच आहे. थांबायला अर्धा तास पुरे, पण त्या हिरवळीवर बसून १९११ सालचं मागणीचं पत्र वाचा. सुरुवात दुष्काळानं होते. पाऊस नाही, असंच चाललं तर पाणी आणि बटाटे लवकरच अननस नि हिऱ्यांइतके चैनीचे होतील. आणि हिऱ्यांवरून निघालं म्हणून विचारतो, मी अंगठी आणली तर घालशील का? तिनं नाही म्हटलं. मग यानं तिच्यासाठी शेतात टेनिसचं मैदान सपाट केलं, रस्त्याचा नकाशा काढून पाठवला, आणि ठरल्या दिवशी पाऊस पडला म्हणून ती आलीच नाही. होकार मिळायला १९१३ उजाडलं. भाची हसून म्हणाली, ‘आजकाल कुणी इतकं थांबेल?’ ह्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘मी थांबलो होतो.’

कॅन्सस सिटीतलं पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय चुकवू नका. लिबर्टी मेमोरियलचा मनोरा लांबूनच दिसतो. १ नोव्हेंबर १९२१ ला त्याच्या भूमिपूजनाला फॉश, पर्शिंग, बीटी असे मोठमोठे सेनानी एकत्र आले होते, आणि त्यांना ध्वज देणाऱ्यांत हॅरी होता. आत जाताना काचेचा पूल लागतो. खाली ९,००० लाल पॉपीची फुलं, एकेक फूल म्हणजे हजार मेलेले सैनिक. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी कडेनं चालावं. आत खंदकांच्या प्रतिकृती आहेत, चिखल, उंदीर, अंधार. मला त्याचं व्हर्दूनच्या, फ्रान्समधल्या रणभूमीचं, वर्णन आठवलं. तोफांनी खोडं झालेल्या झाडांमागून चंद्र उगवला की मेलेले लाखो फ्रेंच तिथे शोकाची मिरवणूक काढताहेत असं वाटतं, असं त्यानं बेसला लिहिलं होतं. तिथून त्यानं पत्रात घालून रानफुलंही पाठवली होती.

पुलावर मला आमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे डोळ्यांपुढे आलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. भारतीय सैनिकांची पत्रंही सेन्सॉर वाचायचा, त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवायचा. उतारे लंडनला जपून आहेत. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागे, आणि घरी बायकोला वाचता येत नव्हतं, म्हणजे वाचून दाखवणारा तिसरा. चारचौघांतून जाणाऱ्या त्या पत्रात कुठला नवरा बायकोला सांगणार, मी घाबरलो पण पळालो नाही म्हणून? हॅरी आणि बेसला पाकीट आपल्या हातानं बंद करता आणि उघडता आलं, हे केवढं भाग्य. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिला अपशिंग्याचं नावही माहीत नव्हतं. रात्री तिनं आपल्या मुलांना नकाशावर ते गाव शोधून दाखवलं.

पाच वाजता बाराव्या रस्त्यावर गेलो. १०४, वेस्ट ट्वेल्थ. इथे हॅरी आणि कॅन्टीनमधला एडी यांनी १९१९च्या नोव्हेंबरात पुरुषांच्या कपड्यांचं दुकान थाटलं. मंदी आली, १९२२ मध्ये बंद पडलं. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होता आलं असतं, पण हॅरीनं ते केलं नाही, बरीच वर्षं देणी फेडत राहिला. थकीत कर्जांच्या फाइली मी पुष्कळ हाताळल्या आहेत, बुडवणारे आणि फेडणारे दोन्ही पाहिलेत. १ सप्टेंबरचं पत्र आणि हे कर्ज एकाच माणसाचं आहे, यात मला जराही नवल वाटत नाही.

जेवायला बार्बेक्यू. या शहरात तो खाल्ल्याशिवाय कुणी सोडत नाही. जळक्या कडांचे मांसाचे तुकडे, ‘बर्न्ट एंड्स’, ही इथली खासियत, भाचीच्या नवऱ्यानं आणि मी ताव मारला. हे शाकाहारी. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा, बीन्समध्ये बहुधा मांस असतं, मागवण्याआधी विचारा. ह्यांना मक्याचं कणीस, कोबीची कोशिंबीर आणि बटाट्याच्या काचऱ्या मिळाल्या. घरी गेल्यावर भाचीनं आमटीभात टाकला तेव्हा ते खरं जेवले.

परतीची गाडी युनियन स्टेशनवरून सकाळी सुटते. स्टेशन अप्रतिम आहे, अर्धा तास आधी पोचून छत बघा. गाडीत मी बेसच्या उरलेल्या पत्रांतली पहिली काही उघडली. त्यात तापाचं औषध, किराणा आणि लेक मार्गारेटचा खोकला, आणि हस्ताक्षर अगदी नीट.